मुक्या नळ्या

दोंगमा गावात सूर लावणारा येतो वर्षातून एकदाच,
मका काढून झाल्यावर,
सायकलच्या मागे लाकडी खोका बांधून.
खोक्यात मेण, चिमटा, केसाएवढी कानस
आणि दगडावर उगाळायचा हिरवा खडा.

फानची विधवा विटांच्या उबदार कट्ट्यावरून
फडक्यात गुंडाळलेला शंग पुढे सरकवते.
"वाजत नाही," म्हणते. "म्हणजे, कुणी वाजवलाच नाही."

बांबूच्या सतरा नळ्या, पंख मिटून उभ्या,
खाली वाटीएवढं पोट, त्याला किटलीसारखी तोटी.
फुंकलं तरी बोलतो, श्वास आत ओढला तरी बोलतो.
मध्ये दम खायला थांबावं लागत नाही,
म्हणून मयताला याच्याइतकं सोयीचं काही नाही.

सूर लावणारा एकेक नळी उपटतो, हलत्या दातासारखी.
पितळी जिभल्यांवर खार चढलाय.
"थुंकी," तो म्हणतो. "चाळीस वर्षांची."
"तंबाखू धर त्यात," ती म्हणते.

तेरा नळ्या बोलक्या. चार मुक्या.
त्यांना जिभलीच नसते,
घेर पुरा दिसावा म्हणून त्या नुसत्या उभ्या.
चौथी मुकी झटकली
तर आतून सिगारेटच्या कागदाची सुरळी पडली.

पेन्सिलीनं, फानच्या कलत्या अक्षरात:
थोरला माओ, बापाचं मयत, तीन रात्री. दोन कोंबड्या येणे.
गिरणीवाला शी, आईचं. पैसे नकोत म्हणालो, त्यानं खरंच मानलं.
कियाओ, पोराचं.
(इथे रक्कम नाही. पेन्सिल दाबून धरल्याचं भोक.)
आणि सगळ्यात खाली:
माझं. वाजवणारा शोधणे.

शोधायला गावात कोण होतं?
पुतण्यानं ट्रॅक्टरला भोंगा बांधला,
मोबाइलवरून लावलं काहीतरी,
अर्ध्या वाटेत जाहिरात लागली.
हे ती सांगत नाही. शेगडीतला कोळसा हलवते.

तो मेण मऊ करतो, जिभलीच्या टोकाला
मोहरीएवढा ठिपका देतो, ऐकतो, खरवडतो, पुन्हा देतो.
अंधार पडतो. सतरा नळ्या पुन्हा जागेवर.
मग तपासायला म्हणून तोटी ओठांना लावतो
आणि तपासणं लांबत जातं.
ती कट्ट्यावरून खाली उतरते. उभी राहते.

"मजुरी?" बऱ्याच वेळानं ती विचारते.
"दोन कोंबड्या."
तिच्या तोंडाचा कोपरा हलतो.
"मग माओच्या दारावरून जा. विहिरीपलीकडे, पांढरा कुत्रा.
भुंकेल. चावत नाही."