शेऱ्याचा रकाना

अडावद मागे टाकून सातपुड्याकडे वळलं
की बाभळींच्या आड एक बुटकी खोली आहे.
येणारेजाणारे तिला पंपहाऊस समजतात.
आत ढोलावर कागद, कागदावर सुई,
आणि सुईच्या राखणीला मी,
एकवीस वर्षं.

बहुतेक रात्री काहीच होत नाही.
ढोल फिरतो, मी शेंगा सोलतो.
कधी खाणीतला सुरुंग, कधी दिल्लीला निघालेला केळीचा ट्रक,
त्यांच्या थरथरी मी हस्ताक्षरासारख्या ओळखतो.

काल दोन एक्केचाळीसला
सुई दचकली, मग बारीक कातू लागली.
पहिली लाट. ढकलत येते, घाईची असते.
मी घड्याळाकडे बघत दुसरीची वाट पाहिली.
दुसरी अंग झटकत येते, मागे रेंगाळते,
आणि किती मागे, यावरून कळतं किती लांबून.
आठ मिनिटं.
म्हणजे सहा हजार किलोमीटर, अंदाजे,
पूर्वेला, समुद्रात,
जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो
आणि वर काठावर लोक घरं बांधून राहतात.

तिकडे उजाडलं असणार.
कुणाचं तरी कपाट कोसळून नऊ मिनिटं झाली होती
तेव्हा ते माझ्याकडे सुरू झालं,
शाईत, आवाजाशिवाय.

तीननंतर लांब लाटा आल्या, आळसावलेल्या.
अख्खा चोपडा तालुका,
गूळ नदी, उनपदेवचं कढत पाणी,
झोपलेले तडवींचे पाडे, पोसवलेले केळीचे घड
आणि स्टुलावरचा मी
केसाच्या जाडीएवढे वर गेलो
आणि खाली आलो.
कुणी कूस बदलली नाही.

सकाळी ठगूबाई दूध घेऊन आली.
'काय भाऊ, रातभर दिवा चालूज व्हता तुन्हा. काय व्हयनं?'
'धरती हालनी, मावशी. दूर. बेटवर.'
'बेट म्हंजे?'
'चारी बाजू पानी.'
तिनं बरणी खाली ठेवली.
'मंग त्या लोके पळतंस कथा?'

साहेबांनी एकवीस वर्षांत पुष्कळ विचारलं,
हे नाही.

मी म्हटलं, मांड्याचं खापर आठव.
खाली जाळ, वर पातळ मांडा,
कुठे फोड येतो, कुठे कड उचलते,
तसा आपला मुलूख.
आपणही बेटच होतो म्हटलं, मावशी,
चारी बाजूंना पाणी घेऊन उत्तरेला सरकत आलो
आणि आदळलो. अजून आदळतोय.
केळीचं पान एका रात्रीत जेवढं उलगडतं
तेवढं सरकायला या भुईला तीन वर्षं लागतात.
ही तापी मावळतीला वाहते ना,
तीसुद्धा एका जुन्या चिरेला धरूनच.

ठगूबाईनं पायांकडे पाहिलं.
मग माझ्याकडे, जरा संशयानं.
'मन्ही म्हैस उठनी व्हती रातले.'
'म्हैस रोजच उठस.'
'केळीना ट्रक गया तधळ. उठनी, नि उभीज राह्यनी.'

ट्रक गेला होता खरा.
कागदावर होता, तीन सातला,
लांब लाटांच्या ऐन पोटात, काट्यासारखा.
म्हैस कशानं उठली, सुई सांगत नाही.

आठला मी कागद बदलला, वही भरली.
वेळ. अंतर. दिशा. तीव्रता,
जी दुपारी बातम्यांत माझ्याहून बरोबर येईल,
आणि तिच्यामागून दुसरे आकडे, वाढत जाणारे,
ज्यांना माझ्या वहीत रकाना नाही.

शेऱ्याचा आहे. तो कोराच जातो.
पेन्सिलीनं, पुसता येईल असं, लिहिलं:
ट्रकच्या वेळेला म्हैस उभी राहिली.
आणि खाली जागा उरली होती म्हणून,
पळतंस कथा?