तिसरा धोंडा

भाऊसाहेब, नाव बुधी.
जन्मतारीख त्यातच हाय बघा,
बुधवार.
साल आईला ठावं नव्हतं.
करवंदं पिकली व्हती म्हणायची,
म्हंजे उन्हाळा लिवा.

पन्नास सालाच्या आधीचा कागूद मागता.
तवा आमची माणसं धोमच्या वरल्या अंगाला
कोळशाच्या भट्ट्या लावायची.
कोळसा वाईच्या बाजारात जायचा,
पेटायचा, राख व्हायचा.
त्यातल्या एखाद्या तुकड्यानं कुणी
भिंतीवर हिशेब मांडला असंल
तर तेवढंच आमचं लिवलेलं.

मुकादमाच्या वहीत मातुर हाय मी.
'सोमा हिलम, जोडी, उचल वीस हजार.'
त्यातली जोडी म्हंजे मी.
विटा थापल्या दोघांनी,
पैसा मोजला त्याच्या हातात,
आन् सोमा गेल्यावर
उचल फेडली मी एकटीनं.
तवा बरं माझं नाव सापडलं त्यांना.

रेशनच्या मशीनीवर अंगठा उमटत न्हाई.
झिजलाय म्हणतो दुकानदार.
वढ्यातलं खेकडं वळखतात की!
बिळात हात घातला
की चावून खात्री करत्यात.

मागल्या वैशाखात धरणाचं पाणी पार खाली गेलं.
लेकीला घेऊन उतरले गाळात.
भेगा, शिंपलं, कुणाची तरी एक चप्पल,
आन् आईची चूल.
तीन धोंडे एकमेकांकडं तोंड करून,
जशी बाई आत्ताच उठून सरपणाला गेली.
आतल्या अंगाची काजळी बोटाला लागली.
लेक म्हणाली, आई, हे पन्नासच्या आधीचं असंल?
म्हटलं, इचारू.

त्यातला धाकटा डोईवर घेतला,
यष्टीत त्याचं तिकीट मागत व्हता कंडक्टर,
आन् तुमच्या टेबलावर आणून ठिवला.

तुमी हसला न्हाई, हे बरं केलं.
वर पंखा गरगरत व्हता, अर्ज उडत व्हते.
तुमी धोंडा उचलला
आन् अर्जांवर ठिवला.
सगळ्यात वरती माझाच व्हता.

आता आखाड लागला. पाणी चढलं.
दोन धोंडे खाली बुडाले,
तिसरा तुमच्याकडं.
लेकीची शाळा दाखल्यावाचून अडलीय,
वसतिगृहातली बाई म्हणते, पुढल्या सोमवारपर्यंत.
तुमी म्हणता, साहेब रजेवर.

मंग असं करा,
माझा धोंडा द्या माघारी.
हितंच, जिन्याखाली, चूल मांडते.
बाकीचे दोन
कचेरीच्या आवारात गावतीलच की.