तेल एकदाच जातं

बंदरखात्याचा कागद आला की सीझन संपतो.
बनाना बोटीतली हवा काढून तिची घडी घालतात,
लाईफ जॅकेटं सुरूच्या झाडांमध्ये वाळत पडतात,
आणि देवबागच्या टोकावर आमच्या शेडमध्ये
तिन्ही वॉटर-स्कूटर ट्रेलरवर चढतात, पोटं उघडी टाकून.

पास्कू मेस्त्री डब्यातल्या पेट्रोलमध्ये तेल ओततो,
पन्नासाला एक.
मापाकडे बघत नाही, रंगावरून ओळखतो:
कोकम जरा कमी पडलेल्या सोलकढीचा.

ट्रकच्या इंजिनाला खाली तेलाचं तळं असतं.
तेल वर चढतं, भिजवतं, खाली उतरतं,
तेच पुन्हा चढतं, महिनोन्‌महिने.
ह्या टू-स्ट्रोकला तळं नाही.
पेट्रोलबरोबर आलेलं तेल
क्रँकच्या खोलीत धुक्यासारखं शिरतं,
बेअरिंगच्या सुया ओल्या करतं,
गजन पिनला चिकटतं,
पिस्टन आणि भिंत यांच्यामधल्या
केसाहून बारीक जागेत उभं राहतं
आणि जळून जातं.
मागून निळा धूर निघतो, पर्यटक नाक दाबतात, तेच ते.
"तेल एकदाच जाता," पास्कू म्हणतो. "परत येणा नाय."

आधी हे हाताने मिसळावं लागत नसे.
पंप होता, स्वतःच थेंब थेंब द्यायचा.
गेल्या दिवाळीत टाकी मी बदलली.
रांगेत चौदा माणसं, मालकाची शिट्टी.
पंपावरचा एक बारकासा स्क्रू सैल करायचा,
नळीतली हवा निघून तेल दिसेपर्यंत थांबायचं.
मिनिटभराचं काम.
मी थांबलो नाही.

वीतभर हवा.

कोल्हापूरचे बाप-लेक होते स्कूटरवर.
संगमाच्या अलीकडे आवाज आधी बारीक झाला,
मग किंचाळला,
मग नुसत्या लाटा ऐकू आल्या.
रापणवाल्या जानू खवणेकराने त्यांना ओढत आणलं,
ज्याच्याशी आमचं किनाऱ्यावरून वर्षभर वाकडं.
दोर सोडताना एवढंच म्हणाला,
"आमच्या वल्ह्याक तेल लागणा नाय."

पास्कूने हेड उघडलं. शिवी दिली नाही.
पुढच्या सिलिंडरचा पिस्टन ठोकून ठोकून काढला,
फडक्यात धरून माझ्या तळहातावर ठेवला.
"बोट फिरव."
उभ्या रेघा. नखाने ओरबाडल्यासारख्या,
कडेला अ‍ॅल्युमिनियम वितळून पुन्हा गोठलेलं.
अजून गरम होता, की मला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिन्ही पंप त्याने काढून टाकले.
पिस्टन खिडकीत आहे, त्याच्याखाली हिशोबाची वही,
वहीत माझ्या पगारातून कापलेले हप्ते.
शेवटचा एप्रिलात फिटला.

यंदा पास्कू बर्फाच्या रिकाम्या पेटीवर बसून राहिला.
डावा कान ट्रॉलरच्या इंजिनाने कधीच नेलाय,
उजवा माझ्याकडे केला.
मी इंजिन मंद चालू ठेवून गोडं पाणी सोडलं,
मीठ धुऊन निघालं तसं आधी पाणी बंद केलं,
मग कार्ब्युरेटरच्या तोंडात तेलाचा फवारा.
ते खोकलं, ठसका लागला, पांढरा धूर शेडभर झाला,
त्या धुरातच ते विझलं.
प्लग काढले. प्रत्येक भोकात चमचाभर तेल.
आता तीन महिने खारी हवा भिंतीला शिवायला नको.

मग शाफ्ट हाताने फिरवायचा, सावकाश.
आत कुठे अडतंय का ते मनगटाला कळतं.
"लागता?"
"नाय."
पास्कू उठून विहिरीवर हात धुवायला गेला.

या तेलाचा वास चार दिवस जात नाही,
आई म्हणते भाकरीलासुद्धा लागतो.
मी प्लग बसवले, झाकणाचे खिटे लावणार होतो,
पुन्हा काढले,
आणि कुणी विचारलं नव्हतं तरी
आणखी एकदा फिरवून बघितलं.