पाठकोरा अर्ज

तळघरात, बॉयलरच्या भिंतीला पाठ लावून
मी मोडके व्होल्टमीटर दुरुस्त करतो
आणि पाचनंतर, कुणी आलंच तर, गणितं.
दारावर ‘साहाय्य केंद्र’ लिहिलंय,
म्हणून पोरं आधी जिन्यात रेंगाळतात,
कुणी बघत नाही ना, बघतात.

शांडीन एत्सिटी आली ती कॅल्क्युलेटर परत करायला.
ऑक्टोबर; ॲरिझोनाचं ऊन अजून भिंतीत मुरलेलं.
“ठेव,” म्हटलं, “मुदत मेपर्यंत आहे.”
“मेपर्यंत मी नाहीये.”

द्रवगतिकीत एकतीस. शंभरपैकी.
वर्गात बासष्ट जण; गट करा म्हटलं की
खुर्च्या आपापल्या ओळखीकडे वळतात,
हिची तेवढी फळ्याकडे तोंड करून.
माहितीपत्रकावर मात्र तीच,
गॉगल लावून, परीक्षानळी उंचावून:
प्रयोगशाळेचा पहिला तास होण्याआधीच काढलेला फोटो.

मला धीर देता येत नाही.
मी काळा, अलाबामाचा;
चार वर्षांच्या पदवीला मला सहा लागली.
तेव्हा जो तो धीरच द्यायचा,
पुस्तक कुणी दिलं नाही.
हे तिला सांगितलं नाही. विचारलं,
घरी पाणी कुठून आणता?

चिडली. सगळे तेवढंच विचारतात म्हणाली.
मग, जरा वेळानं:
अकरा मैलांवरून, काकाच्या पिकअपमध्ये.
तोटी सोडली की अर्धी टाकी भसाभसा जाते,
उरलेली अर्धी जीव खाते,
काकाच्या दोन सिगारेटी होतात.
“का?”
“वरचं पाणी गेलं की
खालच्याला ढकलायला कुणी उरत नाही.”

मी कागद शोधत होतो. तिनंच पिशवीतून काढला:
प्रवेश रद्द करण्याचा अर्ज,
भरलेला, सही तेवढी बाकी.
पाठकोरा.
त्यावर टाकी काढली, तोटी काढली.
वर्गमुळाशी ती अडली, पुढे मी चुकलो, तिनं खोडलं.
पेनाचे वळ पलीकडे उठत गेले,
तिच्याच नावावरून.

साडेआठला रखवालदारानं किल्ल्या वाजवल्या.
उत्तर सिगारेटींशी जुळत नव्हतं.
कागदाची घडी तिनं खिशात घातली.
कॅल्क्युलेटरचं मी काढलं नाही, तिनंही.

पुढच्या चाचणीत अठ्ठावन्न.
काका म्हणतो, तोटी गंजलीय, म्हणून जुळत नाही,
हे सांगायला ती तडक खाली आली.
मागे एक पोरगा होता, थर्लो की कायसं नाव;
तो अजून चौथ्या पायरीवर,
कुणी बघत नाही ना, बघत.