ताळा

वार्डोच्या धक्क्यावर, कॉड तोलायच्या घरात
ओलाउग हेल्लानचं काम बेरजेचं.
होडीचं नाव, वजन, मीठ, सही.
नोव्हेंबर सरता सरता सूर्य बुडतो
तो निम्मा जानेवारी उलटल्यावरच वर येतो.
त्या अंधारात, हिशेबवहीच्या पाठकोऱ्या पानांवर
ती दुसराच हिशेब मांडते.

एक घ्यावा. एकसष्ट वेळा दुप्पट करावा.
आलेल्यातून एक काढून टाकावा.
२३०५८४३००९२१३६९३९५१.

मासे समजून वाटायला बसलं
तर दोघांत एक उरतो.
तिघांत एक. पाचांत, सातांत एक.
अकरांत, तेरांतही एकच,
जणू प्रत्येक वेळी तोच मासा
टोपलीच्या तळाशी डोळे उघडे ठेवून.
सतरांत मात्र चौदा.
सतरावर तिचा थोडा राग आहे.

ही संख्या मूळ आहे, असं पुस्तकात छापलंय.
अवयव नाहीत हिला;
एकाचा पाढा आणि स्वतःचा,
तिसऱ्या कुणाच्या पाढ्यात ही सापडायची नाही.
छापलंय ते ठीक. पण वजन
ओलाउग दुसऱ्याच्या काट्यावरचं लिहीत नाही.

"एवढी मासळी समुद्रात नाही," सिगवाल म्हणतो,
"वाटणार कुणाला?"

चारापासून निघायचं. वर्ग, वजा दोन: चौदा.
पुन्हा वर्ग, वजा दोन: एकशे चौऱ्याण्णव.
मग सदतीस हजार सहाशे चौतीस.
पाच पायऱ्या अशा मोकळ्या चढता येतात,
सहावीपासून ती संख्या उंबऱ्यात उभी:
मला भाग, उरेल तेवढंच घेऊन पुढे जा.
अशा एकोणसाठ.
शेवटी काहीच उरलं नाही, तर मूळ.

दिव्यात तेल. बोटांना मिठाच्या चिरा.
प्रत्येक पायरीला नवांचा ताळा, प्रत्येक ताळा जुळलेला.
आणि एकोणसाठावी पायरी उतरली
तेव्हा कागदावर अठरा आकडे होते.
म्हणजे अवयव आहेत.
कुठले, ते ही रीत सांगत नाही;
फुटतं एवढंच सांगते, तडा दाखवत नाही.

तीन रात्री तिने वही उघडली नाही.

चौथ्या रात्री उलटी निघाली, शेवटाकडून.
त्रेचाळिसाव्या पायरीवर
सहा आणि नऊ एकमेकांच्या जागी बसले होते.
ताळ्याला काय कळणार?
त्याला बेरीज दिसते, कोण कुठे बसलंय ते नाही.
ती हसली. मग तिला रडू आलं, का ते तिलाही कळेना.
मग पेन्सिलीला टोक केलं.

उरलेल्या पायऱ्या सूर्याच्या आधी संपल्या नाहीत.
खिडकीत तांबूस रेघ आली, गेली,
दुसऱ्या दिवशी जरा जास्त थांबली.
शेवटची वजाबाकी डावीकडून विरघळत गेली,
एकेक आकडा खालच्या आकड्यात मिटत,
रिकाम्या पारड्यावरचा काटा
थरथरून थांबावा तशी.

दार वाजलं. सिगवालची होडी.
वजन, मीठ, सही. मग तो घरी न्यायचे मासे
पाच जणांत वाटायला बसला आणि वैतागला:
"भागत नाही गं. एक उरतोच."

"ठाऊक आहे," ओलाउग म्हणाली,
आणि तो उरलेला उचलून
तिने स्वतःच्या बादलीत टाकला.