बाजूचं बटण

दारव्ह्याच्या दुकानात रेहाननं दाखवलं:
"हे कॅमेऱ्याचंच बटण, धुर्वे भाऊ.
एकदा दाबलं का फोटो, दोनदा दाबलं का टॉर्च.
नसन जमत त बदलून देतो."
म्या म्हटलं, राहू दे.
हातमोज्यातलं बोट काच वयखत नाही,
बटण वयखते.

खांबावर चढून जळलेल्या डीओचा फोटो,
फुटल्या चिमणीचा,
साहेबाले पाठवाचा, मंग काम.
पण खांबाले छाती टेकली का
बटण आपल्या मनानंच दबते.
सांजच्याले पाहतो त खिशातले एकवीस फोटो:
काळे, एखादा तांबूस,
शर्टाच्या सुताची जाळी, पलीकडं ऊन,
एकात पेनाचं टोपण.

वनिता म्हणे, "हे काय काढलं?"
"छाती," म्हटलं, "आतून."
हासली.
मंग एकेक सरकवत बसली,
तारेपाशी मी किती वेळ होतो
ते मोजल्यावानी.

आता दाबून धरलं का तिचा नंबर लागते,
रेहानकडून तसं करून घेतलं.
खिशातून तिले दिवसभर फोन जाते.
ती उचलते. बोलत नाही.
पऱ्हाटीतला वारा, पान्ह्याचा आवाज,
माहा दम
आयकते,
अन् ठेवते.