तिसऱ्या आवर्तनातली शिट्टी

जुन्या टेपवरचा माझा तराणा
केतकीनं मोबाइलात उतरवून वर चढवला,
आणि चहाला उकळी फुटायच्या आत उत्तर आलं :
हा ध्वनी दुसऱ्याच्या मालकीचा आहे.

मी हसलो.
मग कळलं, दुसरा म्हणजेही मीच,
सत्त्याऐंशी सालचा, काळ्या मिशांचा.
सराफ्यातल्या एका कॅसेटवाल्यानं
‘ऐकून परत देतो’ म्हणून नेलेला.
आता त्याच्या जावयाची कंपनी आहे.
म्हणे ध्वनिमुद्रण त्यांच्याच स्टुडिओतलं.
आणि माझ्या नावाच्या जागी : पारंपरिक.

पारंपरिक!
अकरा रात्री जागलो होतो त्या समेसाठी,
घरमालकानं मीटर बंद केलं तेव्हा कंदिलात.

आमच्या बुवांचा कायदा सोपा.
जिन्यावर परकं पाऊल वाजलं
की चीज अर्ध्यात थांबायची, पानाचा डबा उघडायचा.
आता जिना कुठाय?
सगळं लष्कर, सगळं जग
एकदमच खोलीत येऊन बसलेलं.

नयी सडकेवरची वकीलबाई, शुभदा किबे,
माझ्या धाकट्या शिष्येएवढी.
म्हणाली, हंसध्वनी कुणाचाच नाही, काका.
झपतालही नाही.
पण त्या दहा मात्रांत तुम्ही बसवलेले बोल तुमचे.
आणि गळा लावलात, त्याचा हक्क वेगळा.
‘कागद केला नव्हता हो.’
नसू दे. उतरवलंत त्याच रात्री तो तुमचा झाला.
तुमच्यामागेही साठ वर्षं राहील.

साठ वर्षं!
माझ्या पेटीचा भाता सहा टिकत नाही.

‘पुरावा?’
तिघांनी कान लावले.
तिसरं आवर्तन, खाली नुकतीच गेलेली,
आणि आतून कुकरची शिट्टी,
निषादाच्या जराशी वर.
त्यांच्या कॅसेटवरही तीच, तिथंच.
स्टुडिओत कोण डाळ लावतं?

त्या दिवशी मी वनमालेवर केवढा ओरडलो होतो.
दुसरी टेप आणायला पैसे नव्हते.

केतकीनं हरकत नोंदवली.
कारण : हजार अक्षरांत.
उत्तर अजून यायचंय.
मी किबेबाईंना विचारलं,
बोल माझे, गळा माझा,
मग शिट्टी कुणाच्या नावावर लावायची?

ती हसली. त्याला रकाना नाही म्हणाली.

असता तर वनमालेच्या लावली असती.
तिच्या साठातली चौदा
गेलीसुद्धा.